परीक्षा ‘दिली’, ‘घेतली’ की ‘लिहिली’?

गेल्या रविवारी सायंकाळी अंबत्तूरच्या आमच्या घरी एक लहानसा वाद न्यायनिवाड्यासाठी येऊन उभा राहिला. वादी आणि प्रतिवादी दोघीही बाविशीच्या आतबाहेरच्या. एक आमच्या शेजारची. तिचे आजोबा सांगली जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून गलाईच्या व्यवसायासाठी मद्रासेस आले आणि येथेच स्थायिक झाले. पाऊस रुसलेल्या त्या भागातील कितीतरी कुटुंबे सोनेचांदी गाळण्याची आपली विद्या घेऊन देशभर पांगली आहेत. आमचे शेजारी त्यांपैकीच एक. दुसरी तिची तमिळ मैत्रीण. दोघी एकाच अभ्यासिकेत बसतात आणि एकाच स्पर्धा-परीक्षेची तयारी करतात.

मराठी मुलीने मैत्रिणीस लिहिले होते, ‘आय गेव्ह द एक्झाम लास्ट इयर.’ मैत्रिणीने त्यात तत्काळ दुरुस्ती केली, ‘आय रोट द एक्झाम लास्ट इयर.’ पहिलीला ही दुरुस्ती मान्य होईना.

“दादा, तुम्ही दिवसभर भाषांतरच करत असता. सांगा, कुणाचं बरोबर?” शेजारीण म्हणाली. मैत्रीणही ‘अण्णा’ म्हणून माझ्याकडे आशेने पाहू लागली. (तमिळमध्येही थोरल्या भावाला अण्णाच म्हणतात. त्यामुळे ह्या परगावी मला उगीचच घरच्यासारखे वाटते.)

मी म्हटले, “परीक्षकाच्या दृष्टीने पाहाल तर दोघींचेही धोक्याचे आहे. आणि मौज अशी की, दोघींचीही चूक इंग्रजीत झालेली नाही. ती आपापल्या घरी झालेली आहे.”

ह्या महिन्याच्या सदरासाठी मी वेगळाच विषय योजला होता. तो बाजूला ठेवून वाचकांपुढे हाच विषय मांडतो.

मराठीत विद्यार्थी परीक्षा देतो आणि गुरुजी परीक्षा घेतात. आमच्या दृष्टीने परीक्षा ही जणू अर्पण करावयाची वस्तू आहे. उमेदवार देणारा, परीक्षक घेणारा. हिंदी आणि गुजराती ह्या भाषाही परीक्षा ‘देतात’च. इंग्रजीत ह्या व्यवहाराची दिशा नेमकी उलटी आहे. तेथे उमेदवार परीक्षा ‘टेक’ करतो, किंवा तो परीक्षेस ‘सिट’ करतो, म्हणजे बसतो. आणि शिक्षक ती ‘गिव्ह’ करतात, ‘सेट’ करतात वा ‘कंडक्ट’ करतात. तेव्हा ‘गुरुजींनी परीक्षा घेतली’ ह्याचे भाषांतर ‘द टीचर टुक द एक्झाम’ असे कोणी केले, तर इंग्रज वाचकास असे वाटेल की बिचारे गुरुजीच मुलांबरोबर बाकावर जाऊन बसले.

दक्षिणेतील गोष्ट निराळी. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम् ह्या चारही भाषांत परीक्षा ‘लिहिली’ जाते. साहजिकच येथील मुले इंग्रजीतही ‘रोट’ म्हणतात. हा प्रयोग सर्वस्वी अशुद्ध नव्हे. कॅनडासारख्या देशात तो सर्रास रूढ आहे. तथापि ब्रिटिश वळणाच्या व्याकरणाची पुस्तके समोर ठेवून तपासणाऱ्या परीक्षकापुढे ‘टुक’ किंवा ‘सॅट फॉर’ लिहिणे अधिक निर्धोक. मुंबईहून सुटलेली मद्रासची गाडी सोलापूर मागे टाकून कलबुर्गीकडे निघाली की परीक्षा ‘देणारा’ मुलूख संपतो आणि परीक्षा ‘लिहिणारा’ मुलूख सुरू होतो. आमच्या अंबत्तूर स्थानकावरून ती गाडी धडधडत निघून जाते तेव्हा हा विचार अधूनमधून माझ्या मनात येतो.

एका क्रियापदासाठी एवढा ऊहापोह कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण माझ्या टेबलावर पडलेले एक पत्र हे आहे.

पत्र परभणी जिल्ह्यातील एका वाचकाचे आहे. संघ लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेस ते बसले होते. सामान्य अध्ययनाच्या चारही प्रश्नपत्रिका त्यांनी मराठीतून लिहिल्या आणि त्या, त्यांच्याच शब्दांत, ‘आयुष्यात कधी लिहिल्या नव्हत्या इतक्या चांगल्या’ लिहिल्या. पण इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत ते अनुत्तीर्ण झाले. पुढचे वाक्य असे: ‘माझे बाकीचे पेपर कोणी विचारातच घेतले नाहीत.’

ज्यांना नियम ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. ह्या मुख्य परीक्षेत दोन प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेच्या असतात. एक आठव्या अनुसूचीतील भारतीय भाषेची, दुसरी इंग्रजीची. प्रत्येकी ३०० गुण. त्यांचे गुण गुणवत्ता-यादीत धरले जात नाहीत. मात्र दोहोंत प्रत्येकी २५ टक्के, म्हणजे ७५ गुण, मिळालेच पाहिजेत. न मिळाल्यास निबंध, सामान्य अध्ययन आणि वैकल्पिक विषय ह्यांतील कामगिरी जमेस धरली जात नाही. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानेही राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक केली असून तेथेही मराठी आणि इंग्रजी ह्यांच्या अशाच अर्हताकारी प्रश्नपत्रिका आहेत. ‘फक्त पास व्हायचे आहे’ असे म्हणून ज्या विषयाकडे पाठ फिरवावी, तोच विषय दारात आडवा उभा राहतो तो असा.

इंग्रजीचा हा उंबरठा किती उंच असावा, हा वाद जुना आहे. इंग्लंडमध्ये मेकॉलेच्या समितीचा अहवाल १८५४ मध्ये आला आणि १८५५ पासून सनदी सेवेसाठी लंडनमध्ये स्पर्धा-परीक्षा सुरू झाल्या. भारतातल्या भारतात ही परीक्षा देण्याची सोय व्हावयास १९२२ साल उजाडले. स्वातंत्र्यानंतर डॉ. दौलतसिंह कोठारी ह्यांच्या समितीने १९७६ मध्ये अहवाल दिला आणि १९७९ पासून नवी योजना अमलात येऊन उमेदवारांना मुख्य परीक्षेची उत्तरे आपल्या भाषेतून लिहिण्याची मुभा मिळाली. खेड्यापाड्यांतील मुलांसाठी हे दार खऱ्या अर्थाने तेव्हा उघडले. मार्च २०१३ मध्ये इंग्रजीचे गुण गुणवत्तेत धरण्याचे घाटत होते. संसदेत गदारोळ झाला आणि तो बेत मागे घ्यावा लागला. पुढच्याच वर्षी पूर्वपरीक्षेतील इंग्रजी उताऱ्यांवरून दिल्लीत उमेदवार रस्त्यावर उतरले. माझे मत विचाराल तर, पात्रतेपुरती इंग्रजी ठेवून गुणवत्ता आपल्या भाषेत तोलावी, ही कोठारींची तडजोड आजवरच्या तडजोडींत सर्वांत शहाणपणाची आहे. पण उंबरठा लहान असला तरी तो ओलांडावा हा लागतोच.

परभणीच्या वाचकांनी पत्रासोबत स्वतः लिहिलेला एक इंग्रजी निबंधही पाठविला होता. व्याकरणाचे पुस्तक आपण तीनदा संपविले, तरीही असे का व्हावे, हा त्यांचा प्रश्न. निबंध मी लाल पेन्सिल घेऊन वाचला. ठळक अशा एकोणीस चुका निघाल्या. त्यांपैकी चौदा अशा होत्या की, त्या वाक्याचे शब्दशः मराठी केले असता उत्तम, निर्दोष मराठी तयार होत होते! त्यांना इंग्रजी येत नाही असे नव्हे. मराठी त्यांना इतकी चांगली येते की ती त्यांना सोडून जावयास तयार नाही. व्याकरणाचे पुस्तक चौथ्यांदा वाचून हे दुखणे बरे होणारे नाही, कारण ती पुस्तके इंग्रजीचे नियम सांगतात. मराठी माणूस नेमका कोठे घसरतो हे सांगत नाहीत.

तो कोठे घसरतो, ते त्यांच्याच निबंधावरून पाहू.

पहिले घसरण्याचे ठिकाण म्हणजे आपले ‘झाले’. हे क्रियापद मराठीत इतकी कामे करते की त्याला सुटीच नाही. अपघात झाला, लग्न झाले, सभा झाली, उशीर झाला, राज्य स्थापन झाले. निबंधात वाक्य होते, ‘द ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड.’ घडण्याची क्रिया अपघात स्वतःच करतो, त्याला कोणी ‘घडवीत’ नाही. म्हणून येथे ‘वॉज’ला जागाच नाही. ‘द ॲक्सिडेंट हॅपन्ड’ एवढेच पुरे. उलट राज्य आपोआप स्थापन होत नाही, ते कोणीतरी स्थापन करतो. तेथे ‘वॉज फॉर्म्ड’ हवे. मराठीत दोन्ही ठिकाणी ‘झाले’च असल्यामुळे हा भेद आपल्या कानाला जाणवत नाही. तेव्हा ‘झाले’ दिसताच क्षणभर थांबून विचारावे, हे कोणी केले की आपसूक झाले? माझ्या अनुभवाने सांगतो, ही एक सवय लागली तरी निबंधाचा रंग पालटतो.

दुसरे ठिकाण ‘जरी… तरी’. मराठी ही जोड्यांची भाषा आहे. जर-तर, जेव्हा-तेव्हा, जसे-तसे, जरी-तरी. जोडीतील एक गेला तर दुसरा एकाकी वाटतो. त्यामुळे ‘ऑल्दो’ लिहिले की हात आपोआप पुढे ‘बट’ लिहितो. इंग्रजीस ही जोडी खपत नाही. ‘ऑल्दो’ ठेवा किंवा ‘बट’ ठेवा; दोघांना एकत्र नांदवू नका.

तिसरे मात्र अधिक गहन आहे, आणि भाषांतरकार म्हणून मला ते फार आवडते. ‘त्याने सांगितले की मी उद्या येईन.’ येणार कोण? सांगणारा. मराठी माणूस बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे उचलून ‘की’च्या पलीकडे ठेवतो, तेथील ‘मी’ हा त्या बोलणाऱ्याचा ‘मी’ असतो. इंग्रजीत ‘दॅट’ आले की सूत्रे लिहिणाऱ्याच्या हाती येतात आणि सर्व सर्वनामे त्याच्या बाजूने पाहू लागतात. म्हणून ‘ही सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.’ आमच्या वाचकांनी लिहिले होते, ‘ही टोल्ड दॅट आय विल कम टुमॉरो.’ म्हणजे पाहुणा यावयाचा तो राहिला बाजूला आणि लेखक स्वतःच उद्या येण्याचे वचन देऊन बसला. शिवाय ‘टोल्ड’ला कोणाला सांगितले ते लागते, ‘सेड’ला लागत नाही. उताऱ्याचा सारांश लिहिताना ही चूक विशेष महाग पडते, कारण तेथे कोणी कोणास काय म्हटले ह्याचीच गल्लत होते.

आणि ‘च’! ‘मी अंबत्तूरलाच राहते’ ह्याचे इंग्रजी आमच्या शेजारणीने ‘आय लिव्ह इन अंबत्तूर ओन्ली’ असे केले. तिच्या तमिळ मैत्रिणीनेही नेमके तेच केले, कारण तमिळमध्ये आपल्या ‘च’सारखाच जोर देणारा ‘दान्’ आहे. परीक्षा देण्या-लिहिण्यावरून भांडणाऱ्या दोघी येथे मात्र एकदिलाने चुकल्या. इंग्रजीत असा जोर बहुधा आवाजाने दिला जातो. लेखनात तो गाळला तरी चालते.

आता सामान्य ज्ञानाकडे वळतो. काही उमेदवार सकाळी सनावळ्या पाठ करतात आणि संध्याकाळी व्याकरण. मला वाटते, दोन्ही एकाच वहीत व्हावे. आपण राहतो त्या ठिकाणची एक वस्तुस्थिती घ्यावी, तिची नीट खातरजमा करावी आणि तिच्यावर तीन-चार इंग्रजी वाक्ये लिहावीत. सनही लक्षात राहतो आणि वाक्यही. ते कसे करावयाचे हे दाखविण्यास मघाची रेल्वेच सोयीची आहे.

भारतातील पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. अंतर सुमारे ३४ किलोमीटर. हे सर्वांनाच ठाऊक असते. दक्षिणेतील पहिली गाडी कोणती, हे मात्र पुष्कळांना सांगता येत नाही. मद्रासेतील रोयपुरम येथून अर्काटजवळच्या वालाजा रोडपर्यंत, सुमारे १०० किलोमीटरचा मार्ग १ जुलै १८५६ रोजी वाहतुकीस खुला झाला. रोयपुरमची जुनी इमारत आजही उभी आहे. आमच्या अंबत्तूरवरून जाणारा लोहमार्ग तो हाच. पुढे १८७१ मध्ये मुंबईकडून आलेला ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ आणि मद्रासकडून गेलेला रूळ रायचूर येथे एकमेकांस भेटले, आणि मुंबई-मद्रास प्रवास आगगाडीने होऊ लागला.

ह्यावर वाक्ये करू. ‘ह्या मार्गावर १८५६ पासून गाड्या धावतात.’ मराठीत क्रियापद साध्या वर्तमानकाळी आहे. म्हणून आपण ‘ट्रेन्स रन ऑन धिस लाइन सिन्स १८५६’ असे लिहून मोकळे होतो. इंग्रजीत भूतकाळात सुरू होऊन आजवर चालत आलेल्या क्रियेस निराळे रूप लागते: ‘ट्रेन्स हॅव बीन रनिंग ऑन धिस लाइन सिन्स १८५६.’ आरंभाचा क्षण सांगावयाचा तर ‘सिन्स’. कालावधी मोजावयाचा तर ‘फॉर’. ‘दीडशेहून अधिक वर्षांपासून’ असे म्हणताना मराठीत पुन्हा ‘पासून’च येते, पण इंग्रजीत तेथे ‘फॉर मोअर दॅन अ हंड्रेड अँड फिफ्टी इयर्स’ हवे. एक ‘पासून’, दोन इंग्रजी शब्द. आणि मार्ग ‘खुला झाला’, ह्यातील ‘झाला’ कोणता? तो कोणीतरी खुला केला. म्हणून ‘द लाइन वॉज ओपन्ड’. रूळ ‘भेटले’ मात्र आपण होऊन; ‘द टू लाइन्स मेट ॲट रायचूर’. येथे ‘वॉज’ नको.

‘द’ कोठे घालावा हा तर मराठी माणसाचा जन्माचा प्रश्न, कारण आपल्या भाषेत त्याचा भाऊबंदच नाही. सर्व नियम एका लेखात मावणार नाहीत. मद्रासेतील एकच जोडी सांगतो. अड्यार नावाची नदी आहे आणि तिच्याच नावाची वस्तीही आहे. नदीविषयी लिहाल तर ‘द अड्यार’. वस्तीविषयी लिहाल तर नुसते ‘अड्यार’. नद्यांना, समुद्रांना आणि पर्वतरांगांना ‘द’ लागतो; गावांना, तलावांना आणि एकट्या शिखरांना लागत नाही. तेव्हा ‘द गोदावरी’, पण ‘नाशिक’. ‘द वेस्टर्न घाट्स’, पण ‘कळसूबाई’. ‘अ’ आणि ‘ॲन’ ह्यांच्या बाबतीत अक्षर पाहू नये, उच्चार ऐकावा. ‘युनिव्हर्सिटी’चा उच्चार ‘य’ने होतो म्हणून ‘अ’, ‘एम. ए.’चा ‘ए’ने होतो म्हणून ‘ॲन’.

सनावळीतील एक सापळाही जाता जाता दाखवितो. ‘मद्रासचे नाव केव्हा बदलले?’ उत्तर मद्रास कोणते ह्यावर अवलंबून आहे. मद्रास राज्याचे ‘तमिळनाडू’ झाले ते १४ जानेवारी १९६९ रोजी. मद्रास शहराचे ‘चेन्नई’ झाले ते १९९६ मध्ये. इंग्रजीत लिहाल तर ‘मद्रास स्टेट वॉज रिनेम्ड तमिळनाडू’. मध्ये ‘ॲज’ घालण्याची गरज नाही.

ह्या शहरात इंग्रजी शिकून मोठा झालेला एक मराठी मुलगा ह्या सदरात यावयासच हवा. टी. माधवराव ह्यांचा जन्म १८२८ मध्ये कुंभकोणम् येथे, तंजावरकडील मराठी घराण्यात झाला. घरात मराठी, दारात तमिळ. शिक्षण मात्र मद्रासच्या ज्या सरकारी हायस्कुलाचे पुढे प्रेसिडेन्सी कॉलेज झाले, तेथे आयर बर्टन पॉवेल ह्या केंब्रिजच्या गणितज्ञाच्या हाताखाली इंग्रजीतून. पुढे ते त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले, मग तेथीलच दिवाण. नंतर होळकरांच्या इंदुरास आणि १८७५ ते १८८२ पर्यंत, सयाजीरावांच्या अल्पवयात, बडोद्यास. १८८७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तिसरे अधिवेशन मद्रासेस भरले तेव्हा स्वागताध्यक्ष तेच होते. तिरुवनंतपुरम येथे सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आहे आणि त्या चौकालाच लोक ‘स्टॅच्यू’ म्हणतात. बसचा वाहकही तेच नाव पुकारतो. कोणाचा ‘स्टॅच्यू’ हे उतरणाऱ्यांपैकी किती जणांना सांगता येईल, कोण जाणे. सनदी परीक्षेच्या संदर्भात आपण चिंतामणराव देशमुखांचे नाव नेहमी घेतो, आणि ते योग्यच आहे. १९१८ मध्ये लंडनच्या आय. सी. एस. परीक्षेत ते पहिले आले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. पण ह्याच देशमुखांनी मेघदूत मराठीत आणले, हेही ध्यानात असू द्यावे. इंग्रजीत पहिला येणारा हा माणूस संस्कृत आणि मराठीत परका नव्हता.

परभणीच्या वाचकांस माझी सूचना एवढीच की, त्यांनी महिनाभर नवे पुस्तक उघडू नये. रोज दहा ओळी इंग्रजीत लिहाव्यात, दुसऱ्या दिवशी त्यांचे शब्दशः मराठी करावे आणि जे वाक्य फारच गोड मराठी होईल त्याच्याकडे संशयाने पाहावे. निम्म्या चुका त्यांच्या त्यांनाच सापडतील. सारांशलेखनासाठी रोज वृत्तपत्रातील एक परिच्छेद एक-तृतीयांश करावा. त्यात मूळ लेखकाची वाक्ये उचलू नयेत.

शेजारणीपुढे मात्र निराळाच पेच आहे. भारतीय भाषेच्या प्रश्नपत्रिकेसाठी तिने मराठी घ्यावी अशी तिच्या वडिलांची इच्छा आहे. ती घरात अस्खलित मराठी बोलते. पण तिचे सारे शिक्षण तमिळनाडूत झाले, देवनागरी ती अक्षर-अक्षर लावून वाचते आणि मराठीत सलग पानभर तिने कधीच लिहिलेले नाही. मी तिला तमिळ घेण्यास सांगितले. राज्याच्या परीक्षांसाठीही तिला तमिळ लागणारच. डिसेंबर २०२१ मध्ये तमिळनाडू सरकारने भरतीपरीक्षांत तमिळची प्रश्नपत्रिका आवश्यक केली आहे. तिचा चेहरा उतरला. “घरी काय सांगू दादा? बाबांना वाटेल, मी मराठी सोडली.” मी म्हटले, बाबांना माझ्याकडे पाठव. ते अजून आलेले नाहीत. आले म्हणजे त्यांची समजूत काढणे मला ह्या लेखाहून अवघड जाणार आहे. तूर्त तिने दर रविवारी मराठीत एक पत्र आजीला गावी लिहावे असे ठरले आहे. ते परीक्षेसाठी नव्हे.

ह्या महिन्याचा भाषांतराचा उतारा खाली देत आहे. त्यात तीन ‘झाला’ आहेत. तिन्ही सारखे नाहीत. एक ‘पासून’ आहे, एक ‘जरी-तरी’ आहे, आणि शेवटी तो रविवारचा वादही आहे.

‘अंबत्तूर ही पूर्वी स्वतंत्र नगरपालिका होती. २०११ मध्ये तिचा चेन्नई महानगरपालिकेत समावेश झाला. जरी गाव महानगरपालिकेत गेले तरी तालुका तिरुवल्लूर जिल्ह्यातच राहिला. २०१८ मध्ये तो चेन्नई जिल्ह्यात समाविष्ट झाला. आमचे शेजारी तीस वर्षांपासून येथे राहतात. काल त्यांना घरी यावयास उशीर झाला. त्यांची मुलगी म्हणाली की मी गेल्या वर्षी परीक्षा दिली होती आणि यंदाही देणार आहे.’

उत्तर पुढील अंकी. भाषांतर पाठविताना ओळींमध्ये अंतर सोडावे, म्हणजे लाल पेन्सिलीला जागा मिळते.